निराधारचा पगार, लाडकी बहीण, पीएम किसान: बँक म्हणते लिंक आहे, मग पैसे गेले कुठे?

आजी आल्या त्या नेमक्या बाजाराच्या दिवशी. पिशवीतून तीन पासबुकं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, चार महिने झाले, पगार नाही. बँकेत गेलं की म्हणतात तुमचं आधार लिंक हाय, तहसीलला इचारा. तहसीलला गेलं की म्हणतात आम्ही टाकलेत, बँकेत इचारा. शंभर रुपये तर जाण्यायेण्यातच गेले."

पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये. आमच्या बीड भागात त्याला अनुदान वगैरे कोणी म्हणत नाही, पगारच म्हणतात. मी इथे आपले सरकार सेवा केंद्र चालवते. आठवड्याला अशा दहा-बारा बाया-माणसं तरी येतात. योजना वेगळी असते, रडगाणं एकच. दुरुस्त करून दिलं तरी त्यातली काही वर्षभराने तीच तक्रार घेऊन परत येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

आजींच्या बाबतीत बँक खोटं बोलत नव्हती आणि तहसीलही नाही. आधार खरंच लिंक होतं, पैसे खरंच टाकले होते. तरी खात्यात काही नव्हतं.

आधी हे पैसे यायचे कसे ते बघा. पूर्वी तहसीलची संजय गांधी शाखा लाभार्थ्यांची यादी, खाते क्रमांक आणि रक्कम बँकेला पाठवायची, बँक त्या त्या खात्यात जमा करायची. यादी उशिरा आली तर पगार उशिरा, पण पडायचा तिथेच. २०२४ च्या अखेरीपासून हे पैसे डीबीटी, म्हणजे लाभ थेट खात्यात टाकायच्या, पोर्टलवरून थेट आधार क्रमांकावर येऊ लागले. पीएम किसानचं हेच, लाडकी बहीणचं हेच, रोजगार हमीच्या मजुरीला तर १ जानेवारी २०२४ पासून आधारवरचं पेमेंट सक्तीचंच झालं. आता सरकार तुमचा खाते क्रमांक बघतच नाही. ते आधार क्रमांक आणि रक्कम एनपीसीआयकडे, म्हणजे बँकाबँकांतली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेकडे पाठवतं. एनपीसीआयकडे एक मोठी नोंदवही आहे, तिला मॅपर म्हणतात. त्यात तुमच्या आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं. खाते क्रमांक तिथे नसतोच. पैसे त्या बँकेकडे जातात, आणि आपल्याकडच्या कुठल्या खात्यात टाकायचे ते ती बँक ठरवते.

वाडा मॅपरला माहीत आहे, खोली वाड्याच्या मालकाला. इतकं डोक्यात बसलं की निम्मा घोळ सुटतो.

बँकेतला माणूस "आधार लिंक आहे" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, तुमचा आधार क्रमांक त्यांच्या संगणकात चढवलेला आहे. असा तो पाच बँकांत चढवलेला असू शकतो. मॅपरमध्ये मात्र जागा एकच, आणि ती शेवटी ज्या बँकेने नोंदवली तिची. मॅपरमधल्या या नोंदीला सीडिंग म्हणतात. काउंटरवर गेलात तर "लिंक आहे का" असं विचारूच नका, उत्तर हमखास "आहे" असंच येणार. विचारा, "माझं आधार डीबीटीसाठी एनपीसीआयला तुमच्याच बँकेत सीड आहे का?" याला उत्तर द्यायला त्याला दुसरी स्क्रीन उघडावी लागते.

त्यापेक्षा बँकेत जायच्या आधी स्वतःच बघून घ्या. आधारच्या माय आधार पोर्टलवर आधार क्रमांक टाका, ओटीपी टाका आणि बँक सीडिंग स्टेटस उघडा. बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की बंद, आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हे तिथे दिसतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ती तारीख. साध्या फोनवर *९९*९९*१# डायल करूनही बघता येतं, पण आमच्याकडे ते कधी चालतं, कधी नुसतंच फिरत बसतं.

आजींचा ओटीपी आला मुलाच्या फोनवर. मुलगा ऊसतोडीला कर्नाटकात, फडात. दोनदा फोन लागला नाही, तिसऱ्यांदा त्याने आकडे सांगितले तोवर ओटीपीची वेळ संपलेली. चौथ्या वेळी जमलं. स्क्रीनवर जे नाव आलं ते तिन्ही पासबुकांपैकी एकावरही नव्हतं.

"आजी, ह्या बँकेत कधी खातं उघडलं होतं?"

"म्या? नाय बा."

शेजारी बसलेल्या त्यांच्या सूनबाईंना आठवलं. गेल्या वर्षी बचत गटाला कर्ज देणारा माणूस आला होता, त्याने टॅबवर सगळ्यांचे अंगठे घेतले होते. कर्जाचे पैसे जमा करायला एका छोट्या बँकेत खाती उघडली होती. पासबुक दिलं नाही, कार्ड आलं ते कुठेतरी पडलंय. सीडिंगची तारीख त्याच आठवड्यातली निघाली.

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की हल्ली मी पहिला प्रश्न हाच विचारते: गेल्या वर्षभरात कुठे अंगठा दिला होता? गटाचं कर्ज, मोबाइलच्या दुकानात फुकट खातं, शिष्यवृत्तीसाठी पोराच्या नावाने घाईत उघडलेलं खातं, गावात लागलेलं एखाद्या बँकेचं शिबिर. खातं उघडताना फॉर्मवर किंवा टॅबवर एक चौकोन असतो: सरकारी अनुदान याच खात्यात घ्यायला माझी संमती आहे. नियमाने ती संमती तुम्हाला विचारून घ्यायची असते. प्रत्यक्षात टिक आधीच झालेली असते, आणि वाचतो कोण? २०१७ मध्ये हेच देशभर गाजलं होतं. एका मोठ्या मोबाइल कंपनीने सिमच्या पडताळणीत घेतलेल्या अंगठ्यांवर आपल्याच पेमेंट बँकेत खाती उघडली, आणि लोकांची गॅसची सबसिडी परस्पर तिकडे वळली. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने तिचं ई-केवायसी थांबवलं तेव्हा कुठे बोभाटा झाला. मोठा घोटाळा थांबला, छोटे घोळ रोजच चालतात.

एकदा दुरुस्त केलेला पगार परत गायब होतो तो यामुळेच. मॅपरमध्ये शेवटच्याचं राज्य. आपण मार्चमध्ये ग्रामीण बँकेत सीडिंग करून घ्यायचं, दिवाळीत पुन्हा कुणाच्या टॅबवर अंगठा द्यायचा, की गेला पगार.

सापडल्यावर दोन कामं असतात. ज्या बँकेत पैसे पडलेत ती जवळ असेल, खातं चालू असेल, तर आधी ते पैसे काढून घ्या, ते तुमचेच आहेत. मग हवी त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. तिथून उठवून इथे आणायचं, हे त्यांना कळलं पाहिजे. अर्जाच्या झेरॉक्सवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. देत नाहीत, मागा. आता एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइनही अर्ज करता येतो, बदली करायची की बंद करायचं तेही निवडता येतं, पण तुमची बँक त्या यादीत असली तरच. आठवड्याने परत स्टेटस बघा. नाव बदललं असेल तर काम झालं. "अर्ज दिलाय" म्हणजे झालं असं समजू नका. बँकेने आपल्या संगणकात चढवलं आणि पुढे एनपीसीआयला पाठवलंच नाही, असं मी स्वतः पाहिलंय.

दोन खाती एकाच बँकेत असतील तर वेगळाच घोटाळा होतो. सीडिंग बरोबर, बँक बरोबर, आणि पैसे पडतात जुन्या खात्यात. नवरा वारला आणि दोघांचं जुनं जोडखातं तसंच राहिलंय, अशा बायांचं हे हमखास होतं. तेव्हा बँकेला सांगायचं की आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा आणि माझ्या एकटीच्या खात्याला जोडा. लाडकी बहीणला तर स्वतःचं, एकटीचंच खातं लागतं.

आता दुसरी तऱ्हा: पैसे निघाले, बँकेपर्यंत पोचले आणि परत गेले. कारण बहुतेकदा खातं झोपलेलं असतं. दोन वर्षं तुम्ही स्वतः ना भरले ना काढले तर बँक खातं निष्क्रिय करते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत सरकारी योजनांसाठी उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांना यातून वगळायला सांगितलंय, पण बँकेने ते खातं तसं वेगळं नोंदवलेलं असेल तर ना. तसं नसेल तर पुन्हा केवायसी द्या. खातं जागं करायला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर नियम दाखवा. आणि जागं झाल्यावर शंभर रुपये का होईना, एकदा काढून परत भरा.

जनधनमधलं छोटं खातं असेल तर त्याला मर्यादा असतात: शिल्लक ५०,००० पेक्षा जास्त नाही, वर्षात एकूण जमा १ लाखापेक्षा जास्त नाही, महिन्यात काढणं १०,००० पर्यंत. कागद नसताना फोटो आणि अंगठ्यावर उघडलेली ही खाती. रोजगार हमी, किसान, पिकविमा आणि गटाचे पैसे एकाच खात्यावर आले की वर्षाच्या जमेची मर्यादा भरते आणि पुढचा हप्ता उलटू शकतो. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी केली की मर्यादा जाते. हे कारण कोणी सांगत नाही, कारण काउंटरवरच्यालाही ते चटकन दिसत नाही.

जिथे अजूनही खाते क्रमांकावरच पैसे येतात तिथे आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोडही बघा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या २०२० मध्ये दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. आमच्या जवळचं ताजं उदाहरण म्हणजे १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र आल्या. पासबुक जुनंच, कोड तोच लिहिलेला, आणि फॉर्मवर आपण तोच उतरवतो. नवीन पासबुक घ्या, हट्टाने घ्या.

कधी बँकेचा काही दोषच नसतो, पैसे सुटलेलेच नसतात. पीएम किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्टेटसमध्ये तीन ओळी दिसतात: जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग. तिन्हीपुढे "यस" पाहिजे. पहिल्या ओळीपुढे "नो" असेल तर बँकेत चकरा मारून उपयोग नाही, ते काम तहसील किंवा कृषी कार्यालयातलं. आणि लक्षात ठेवा, केंद्राचे वर्षाला ६,००० वेगळे आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० वेगळे. एक आला आणि दुसरा नाही, याचा अर्थ खातं ठीक आहे, अडचण पाठवणाऱ्याकडे आहे. ही तुलना मी मुद्दाम करते. एकाच माणसाला दोन योजना असतील तर दुसरीचे पैसे कुठे पडले हे आधी विचारायचं, निम्मं निदान तिथेच होतं. निराधारवाल्यांनी वर्षाला हयातीचा दाखला दिलाय का ते बघावं. लाडकी बहीणला सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागतात. ते राहिलं असेल तर सीडिंग कितीही पक्कं असलं तरी व्यर्थ.

शेवटची तऱ्हा सगळ्यात चीड आणणारी. पैसे खात्यात आहेत आणि हातात येत नाहीत.

ऊस तोडणाऱ्या माणसाची बोटं एकदा नीट बघा. कोयत्याने आणि पाचटाने कातडी घासून गुळगुळीत झालेली, अंगठ्यावर रेघच उरलेली नाही. पैसे काढायच्या अंगठ्याच्या मशीनला ती बोटं दिसत नाहीत. बँक मित्र, म्हणजे गावात मशीन घेऊन बसणारा बँकेचा माणूस, म्हणतो अंगठा उठत नाही, उद्या या. माझ्याकडचे म्हातारे तर बोट केसांवरून फिरवतात, थोडं तेल लागलं की लागतो म्हणे अंगठा. कधीकधी लागतोही. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे: अंगठाच पाहिजे असं काही नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. करंगळीशेजारचं बोट कामात कमी झिजतं, ते लावून बघा. हात धुऊन कोरडे करा, मशीनची काच फडक्याने पुसा. यातलं काहीच जमलं नाही तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्यायचे. आणि कोणी हौसेने मोबाइलवरून आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे, लॉक करून ठेवलं असेल तर कुठलंच बोट लागणार नाही, आधी कुलूप काढा. ज्यांचं काहीच लागत नाही त्यांनी बँकेच्या काउंटरवर विड्रॉल स्लिप आणि पासबुक घेऊन जायचं. तो हक्क कुठे गेलेला नाही, मशीन आलं म्हणून.

मशीनवर एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. निघाले की पावती घ्याच. "पहिला अंगठा लागला नाही, परत लावा" असं म्हणून दोनदा पैसे काढून एकदाच हातात दिल्याच्या तक्रारी येतात. सगळे असे नसतात. उन्हातान्हात वस्तीवर जाऊन पैसे देणारे बँक मित्रही मला माहीत आहेत. पण पावती मागितली म्हणून चांगला माणूस रागावत नाही. खात्यातून पैसे कापले गेले आणि मशीनवर व्यवहार फेल दाखवला, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. ३० दिवसांत बँकेने तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

पैसे खात्यात पडले आणि बँकेनेच कापले, हेही होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले ३,००० रुपये राखीच्या तोंडावर पडले तेव्हा कित्येक बायांच्या खात्यातून किमान शिल्लकीचा जुना दंड वळता झाला, आणि मग सरकारला बँकांना सूचना द्याव्या लागल्या. असं झालं तर तोंडी भांडू नका, शाखाधिकाऱ्याच्या नावाने दोन ओळींचा अर्ज द्या: कापलेली रक्कम, तारीख, योजना. लेखी आलं की उत्तर द्यावंच लागतं.

मोबाइल नंबरचं राहिलं. आधारला जो नंबर आहे तो घरात असलेल्या, सापडणाऱ्या फोनचा पाहिजे. बदलायला आधार केंद्रात ७५ रुपये, १ ऑक्टोबर २०२५ आधी ५० होते. पोस्टमनही घरी येऊन बदलून देतो, पोस्टाच्या पेमेंट बँकेची ती सोय आहे. मला विचाराल तर बाकी सगळ्याच्या आधी हे करा. आम्हा केंद्रवाल्यांचा निम्मा दिवस ओटीपीची वाट बघण्यात जातो.

आजींचं पुढे काय झालं ते सांगते. ती छोटी बँक तालुक्याला निघाली. सून घेऊन गेली, तर खात्यात तीन महिन्यांचे ४,५०० होते, पण त्यातले काही गटाच्या हप्त्यापोटी वळते झालेले. उरलेले काढले. सीडिंग ग्रामीण बँकेत आणायचा अर्ज दिला, नऊ दिवसांनी स्टेटसवर नाव बदललं. चौथ्या महिन्याचा पगार मधल्या बदलीत अडकून परत गेला असावा, त्यासाठी तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज दिलाय. त्याचा आवक क्रमांक आजींच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, सुनेला वाचता येईल असं: टॅबवर अंगठा द्यायच्या आधी केंद्रात विचारायचं.